हुतात्मा कोणाला म्हणावे?



१५ ऑगस्ट हा आपल्या घरांत दुहेरी सणाचा दिवस. सकाळी पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाची मिस्सा, ती संपली की देवळाच्या आवारात झेंडावंदन, मग घरी गोडाधोडाचे जेवण आणि दुपारी टीव्हीवर देशभक्तीचा एखादा चित्रपट. आमच्याकडे या वर्षी 'मंगल पांडे : द रायझिंग' लावला होता. केतन मेहता यांचा, आमीर खानने काम केलेला हा चित्रपट २००५ च्या ऑगस्टमध्ये आला तेव्हा आम्ही थिएटरात जाऊन पाहिला होता. आता नातवाबरोबर पुन्हा पाहत होतो. पडद्यावर गोळी सुटली, गोरा माणूस कोसळला आणि नातवाने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. थोड्या वेळाने त्याने विचारले, "आजोबा, अशा टाळ्या वाजवल्या तर चालतं का?"

"का रे?"

"तो माणूस मेला ना. आणि आम्हाला रविवारच्या क्लासमध्ये पाचवी आज्ञा शिकवलीय."

"अरे, ती लढाई होती. देशासाठी होतं ते," असे म्हणून मी वेळ मारून नेली. पोरगा गप्प बसला, पण त्याचे समाधान झाले नव्हते. खरे म्हणजे माझेही झाले नव्हते. सकाळीच तर आपण मरियेचे स्तोत्र ऐकले होते. आपली साधीभोळी, नम्र मरिया त्या स्तोत्रात काय म्हणते? बलवंतांची आसने जातील, दीनांना वर उचलले जाईल, भुकेलेले तृप्त होतील आणि धनवान रिकाम्या हातांनी परत जातील, असा त्याचा आशय. हे काही शांतपणे सोसत राहण्याचे गाणे नव्हे. आपल्या मातेच्या तोंडी बंडाचे शब्द आहेत आणि आपल्या मुलांना आपण पाचवी आज्ञा शिकवतो. या दोहोंचा मेळ कसा घालायचा? नातवाला द्यायचे राहिलेले उत्तर शोधताना जे सुचले, ते आपल्यापुढे मांडतो.

आधी मंगल पांडेचेच पाहू. २९ मार्च १८५७ रोजी बराकपूरच्या छावणीत तो बंदूक घेऊन उभा राहिला. लेफ्टनंट बॉ आणि सार्जंट-मेजर ह्यूसन हे दोघे त्याच्या हातून जखमी झाले. दोघांपैकी कोणीही मेला नाही. शेवटी मंगल पांडेने स्वतःवरच गोळी झाडून घेतली, पण तो वाचला आणि ८ एप्रिलला त्याला फासावर चढवण्यात आले. म्हणजे ज्या बंडाला आपण आरंभ मानतो, त्या दिवशी बंडखोराच्या हातून एकही जीव गेला नव्हता. तेव्हा पाचव्या आज्ञेचा खरा पेच बराकपूरपेक्षा आपल्या ठाण्यात अधिक आहे. त्यासाठी माजिवडा नाक्यावरून रिक्षा करून कोर्टनाक्यापर्यंत गेले तरी पुरे.

तिथून कळव्याकडे जाताना ठाण्याच्या तुरुंगाची जुनी भिंत दिसते. हा तुरुंग म्हणजे मुळात किल्ला. पोर्तुगिजांनी तो १७३० च्या सुमारास बांधायला घेतला. १७३७ मध्ये साष्टीबरोबर ठाणेही मराठ्यांकडे आले. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी हल्ला करून किल्ला घेतला आणि आतल्या शिबंदीची मोठी कत्तल केली. पुढे त्यांनी त्याचा तुरुंग केला. एका भिंतीने तीन झेंडे पाहिले आणि १९४७ साली चौथा, आपला तिरंगा. प्रत्येक वेळी जिंकणाऱ्याला वाटले असेल की आपण हा मुलूख सोडवला. आपले पूर्वज तर या साऱ्या काळात इथेच शेती करीत, मासे पकडत, मिस्सेला जात होते. १७३९ मध्ये वसई पडली तेव्हा झालेल्या तहात मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना आपला धर्म पाळण्याची मुभा देण्यात आली होती, हे आपण कृतज्ञतेने लक्षात ठेवावे. चित्रपटात एक बाजू उजेडाची आणि एक अंधाराची असते. आपल्या गावच्या इतिहासात तसे सरळ चित्र सापडत नाही.

याच तुरुंगात १९ एप्रिल १९१० रोजी तिघा तरुणांना फाशी झाली : अनंत लक्ष्मण कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे. कान्हेरे तेव्हा जेमतेम अठरा वर्षांचा होता. आपल्या धर्मग्रामातली बारावीची मुले डोळ्यांपुढे आणा, म्हणजे अठरा वर्षे म्हणजे काय ते कळेल. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात त्याने कलेक्टर जॅक्सन यांना गोळ्या घातल्या. जॅक्सन यांची मुंबईला बदली झाली होती आणि निरोपादाखल त्यांना 'शारदा' नाटकाला बोलावले होते.

या तरुणांच्या मनात राग का होता, तेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. त्याच वर्षी बाबाराव सावरकरांना जन्मठेप, काळे पाणी झाले होते. कशासाठी? तर राजद्रोही ठरवलेल्या कविता छापल्या म्हणून! कविता छापल्याबद्दल माणसाचे अवघे आयुष्य हिरावून घेणारी सत्ता अन्यायी होती, यात वाद नाही. बाबारावांच्या अटकेची आणि खटल्याची कारवाई कलेक्टर म्हणून जॅक्सन यांच्या हातून झाली होती. त्या मुलांचा राग निराधार नव्हता आणि त्यांनी स्वतःसाठी काही मागितलेही नाही. पकडले गेलो तर फास आहे हे ठाऊक असून ते गेले. त्यांच्या धैर्यापुढे मान लववावी असेच ते आहे.

आता दुसरी बाजू. हे जॅक्सन कोण होते? संस्कृतचा त्यांचा चांगला अभ्यास होता. लोक त्यांना 'पंडित जॅक्सन' म्हणत. गुजरात आणि कोकणातल्या लोकांच्या समजुती, रूढी, श्रद्धा यांची टिपणे त्यांनी गोळा केली होती. त्यांच्या मृत्यूनंतर ती ग्रंथरूपाने निघाली. क्रांतिकारकांचे म्हणणे असे की हे सौजन्य वरवरचे, राज्य टिकवण्यापुरते. असेलही. माणसाच्या अंतःकरणात काय होते ते परमेश्वर जाणतो. पण एवढे खरे की त्या रात्री जो मेला, तो एक माणूस होता. निरोपाच्या नाटकाला आला होता आणि त्याच्या हातात शस्त्र नव्हते.

चित्रपट असता तर कॅमेरा कान्हेरेच्या चेहऱ्यावर राहिला असता. आपण त्याच्याबरोबर तुरुंगात गेलो असतो, त्याच्या आईबरोबर रडलो असतो. जॅक्सन पडला तो पडला. पुढच्या दृश्यात त्याचे नाव निघाले नसते. हा चित्रपट बनवणाऱ्यांचा दोष आहे असे मी म्हणत नाही. गोष्ट सांगायची तर कोणाच्या तरी डोळ्यांनी सांगावी लागते. पण आपण मात्र एक चूक करतो. नायक मरायला तयार होता म्हणून त्याने मारले तेही पवित्र झाले, असे धरून चालतो. मरायची तयारी आणि मारायची तयारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीच्या तेजात दुसरी दिसेनाशी होते.

आपल्या ठाण्याला हा फरक फार पूर्वीपासून ठाऊक आहे. एप्रिल १३२१ मध्ये टोलेंटिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि जॉर्जियाचे दिमित्री हे चौघे फ्रान्सिस्कन चीनकडे जाताना ठाण्यात थांबले होते. एका ख्रिस्ती कुटुंबाने त्यांना आसरा दिला. घरातल्या एका भांडणाचे प्रकरण काझीपुढे गेले, त्यात या चौघांचा संबंध आला आणि तिथे त्यांना श्रद्धेविषयी प्रश्न विचारण्यात आले. त्यांनी आपला विश्वास लपवला नाही. ९ एप्रिलला तिघांना आणि ११ एप्रिलला पीटरला ठार मारण्यात आले. त्यांचा सोबती जॉर्डन याने त्यांचे देह सोपाऱ्याला नेऊन पुरले. या चौघांनाही आपण हुतात्मा म्हणतो आणि कान्हेरे, कर्वे, देशपांडे यांनाही हुतात्मा म्हणतो. एकच शहर, एकच एप्रिल महिना, एकच शब्द. तरी एक भेद राहतोच. चौघांनी आपले रक्त दिले, दुसऱ्याचे घेतले नाही. ख्रिस्तसभा जेव्हा रक्तसाक्षी म्हणते तेव्हा तिच्या मनात हा दुसरा अर्थ असतो. (त्या चौघांच्या मरणाचा राग आजच्या कोणा शेजाऱ्यावर काढणे म्हणजे त्यांच्या साक्षीवर बोळा फिरवणे, हेही इथेच सांगून टाकतो.)

मग सशस्त्र बंड हे नेहमीच पाप का? ख्रिस्तसभा तसे म्हणत नाही. कॅथलिक धर्मशिकवणीच्या २२४३ व्या परिच्छेदात याचा विचार केलेला आहे. अन्यायी सत्तेविरुद्ध शस्त्र उचलणे योग्य ठरायचे तर पाच गोष्टी एकाच वेळी असाव्या लागतात. माणसाच्या मूलभूत हक्कांची गंभीर, निश्चित आणि दीर्घकाळची पायमल्ली होत असावी. दाद मागण्याचे बाकी सगळे मार्ग संपलेले असावेत. शस्त्रामुळे आहे त्याहून वाईट अनर्थ होणार नसावा. यशाची साधार आशा असावी. आणि याहून बरा उपाय डोळसपणे शोधूनही सापडत नसावा. पोप सहावे पॉल यांनीही १९६७ च्या आपल्या परिपत्रकात दीर्घ, उघड जुलुमाचा अपवाद मान्य केला, पण एका अन्यायाशी लढताना दुसरा मोठा अन्याय जन्माला घालू नये, असा इशाराही दिला. बायबलमध्येही मक्काबी बंधूंचे बंड आहे आणि त्याच ग्रंथांत, तलवार न उचलता आपला धर्म न सोडणाऱ्या सात भावांची आणि त्यांच्या आईची कथाही आहे.

नाशिकच्या घटनेला ही पाच मापे लावली तर पहिले लागते. दुसरे? ते ठरवणे कठीण. ज्यांचे वर्तमानपत्र बंद होते, ज्यांच्या कविता छापणारा काळ्या पाण्यावर जातो, त्यांना मार्ग उरले होते असे आपण आज आरामात बसून म्हणू नये. पण एक कलेक्टर गेल्याने राज्य जाणार नव्हते आणि गेलेही नाही. उलट पुढे धरपकड वाढली. चौथे आणि पाचवे माप लागत नाही असे मला वाटते. तरी त्या मुलांचा न्याय मी करीत नाही. मी फक्त आमच्या टाळ्यांचा न्याय करतो आहे.

इथे एक धोका आहे. 'मारू नये' एवढेच ऐकून आपण समाधानाने घरी बसतो. अन्याय होताना गप्प बसणे ही शांती नव्हे, ती सोय आहे. याला आपल्याच समाजातले उत्तर आहे. जोसेफ बॅप्टिस्टा, लोकांचे 'काका', १८६४ साली माझगावच्या माथारपाखाडीत जन्मलेले ईस्ट इंडियन. ते बॅरिस्टर होते, लोकमान्यांचे स्नेही होते. १९१० मध्ये विनायक सावरकरांवर खटला भरला गेला तेव्हा बचावाच्या वकिलांत ते होते. १९१६ मध्ये बेळगावला होमरूल लीग निघाली तिचे ते अध्यक्ष झाले. कामगारांच्या संघटना त्यांनी उभ्या केल्या आणि १९२५ मध्ये ते मुंबईचे महापौर झाले. बंडखोरांची बाजू कोर्टात मांडणारा हा माणूस, पण त्याची स्वतःची हत्यारे म्हणजे कायदा, सभा, संघटना आणि मत. 'तुम्ही ख्रिस्ती लोक तेव्हा कुठे होता?' असे कोणी विचारले, तर काकांचे नाव सांगावे. आणि मग स्वतःला विचारावे, आपण आज कुठे आहोत?

या विषयावरचा सगळ्यात प्रामाणिक चित्रपट मला 'द मिशन' वाटतो. रोलंड जॉफे यांचा, १९८६ सालचा. दक्षिण अमेरिकेतल्या ग्वारानी आदिवासींची येशूसंघीयांनी वसवलेली गावे १७५० च्या माद्रिद तहाने पोर्तुगालच्या ताब्यात जातात, फौज येते. गावातल्या येशूसंघीयांपैकी दोघांकडे पाहा. एकेकाळी गुलामांचा व्यापार केलेला रॉड्रिगो पुन्हा तलवार हाती घेतो. फादर गॅब्रिएल त्याला आशीर्वाद देत नाहीत, पण आपल्या गळ्यातला क्रूस काढून देतात. नंतर ते स्वतः पवित्र साक्रामेंत हातात धरून बायकामुलांसह बंदुकांसमोर चालत जातात. दोघेही मरतात. गाव वाचत नाही. कोण बरोबर होता, हे चित्रपट सांगत नाही. फादर गॅब्रिएल यांनी आपल्या भावाच्या मार्गाला पवित्र म्हटले नाही, पण भावाला टाकलेही नाही. त्या क्रूसात मला ख्रिस्तसभेची भूमिका दिसते.

जर्मनीत डिट्रिच बॉनहोफर हे लुथरन धर्मगुरू हिटलरविरुद्धच्या कटात सामील झाले. ९ एप्रिल १९४५ रोजी, म्हणजे आपल्या ठाण्याच्या रक्तसाक्षींच्याच तारखेला, त्यांना फाशी झाली. कटात सामील होऊनही त्यांनी स्वतःला निर्दोष म्हणवून घेतले नाही. आपण जे करतो आहोत त्याचा दोष आपल्यावर येतो हे मान्य करून, तो परमेश्वराच्या दयेवर सोपवून ते पुढे गेले. नाइलाजाने शस्त्र उचलावे लागलेल्या माणसाला टाळ्यांपेक्षा ही नम्रता अधिक शोभते.

आता प्रभू येशूकडे पाहू. त्याच्या बारा जणांत जिलोत म्हणवला जाणारा शिमोन होता आणि रोमी सत्तेच्या काळात जकात गोळा करणारा मत्तयही होता. देशासाठी पेटलेला आणि ज्याला लोक परक्यांचा हस्तक म्हणत, असे दोघे एका ताटात जेवत होते! दंग्यात खून केलेला बरब्बा लोकांनी सोडवून घेतला आणि येशूला क्रूस मिळाला. गेथशेमानी बागेत पेत्राने तलवार चालवली तेव्हा प्रभूने ती म्यान करायला लावली आणि ज्याचा कान तुटला होता त्याला बरे केले. योहानाने त्या चाकराचे नावही लिहून ठेवले आहे : मल्ख. आपल्या बाजूच्या तलवारीने जखमी झालेल्या माणसाचे नाव शुभवर्तमान विसरत नाही. मला माझ्या नातवासाठी उत्तर सापडले ते इथे.

हा प्रश्न जुन्या काळापुरता नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये 'छावा' आला. छत्रपती संभाजी महाराजांनी भोगलेल्या यातना पाहून थिएटरात माणसे रडली आणि ते योग्यच होते. पण पुढच्याच महिन्यात, १७ मार्चला, औरंगजेबाच्या कबरीच्या वादावरून नागपुरात दंगल झाली, त्यात एकाचा जीव गेला आणि विधानसभेत या चित्रपटाचेही नाव निघाले. एकट्या चित्रपटाने दंगल होत नाही. तीनशे वर्षांपूर्वीच्या बलिदानाचा त्यात काहीच दोष नाही. पण थिएटरात चढलेला राग बाहेर कोणाच्या दारात उतरतो, हे पाहणाऱ्याने पाहिले पाहिजे. आपण संख्येने थोडे आहोत. असा राग कोणत्याही दारात उतरू शकतो, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

तेव्हा मुलांना असे चित्रपट दाखवू नयेत का? जरूर दाखवावेत. स्वातंत्र्य फुकट आले नाही हे त्यांना कळले पाहिजे. फक्त चित्रपट संपल्यावर टीव्ही बंद करून दोन प्रश्न विचारावेत. एक : यात जो मेला आणि ज्याचे नाव आपल्याला आठवत नाही, तो कोण होता? दोन : हा चित्रपट पाहून आपल्याला अन्यायाचा राग आला की माणसांचा? पहिल्या रागातून काका बॅप्टिस्टा घडतात. दुसऱ्यातून फक्त पुढची सूडकथा.

त्या रात्री झोपण्यापूर्वी मी नातवाला म्हणालो, "टाळ्या धैर्याला वाजव. कोणी पडला की वाजवू नकोस." त्याने विचार केला आणि म्हणाला, "मग पडला की काय करायचं?"

"क्रूसाची खूण करायची."

येत्या २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणाच्या दिवशी, आमच्या घरच्या यादीत चार नावे जास्त असतील : अनंत, कृष्णाजी, विनायक आणि आर्थर जॅक्सन. एकाच प्रार्थनेत ती एकत्र घेताना सुरुवातीला जीभ अडखळेल. पण ज्या प्रभूने शिमोन आणि मत्तय यांना एका मेजावर बसवले, त्याला ही चार नावे एकत्र ऐकायला आवडतील, असा माझा विश्वास आहे.